फोटोवाले आणि मावशींची सही

अकरा वर्षं मी ज्या माणसाच्या समोरच्या टेबलावर बसले, त्याच्याबद्दल चांगलं लिहायचं माझ्या मनात नाही. चांगलं लिहिण्यासारखं तो वागलाही नाही. उन्हाळ्यात कागद उडतात म्हणून पंखा बंद करायचा. कुणी आजारपणाची रजा मागितली की आधी रजेचा अर्ज बघायचा, मग माणसाकडे. डबा भिंतीकडे तोंड करून खायचा. मला मुलगी झाली तेव्हा मी पेढ्यांचा बॉक्स पुढे केला, तर म्हणाला, "टेबलावर नको, मुंग्या येतील." असल्या माणसाला सगळं गाव फोटोवाले म्हणायचं, आणि म्हणताना कुणाच्या आवाजात प्रेम नसायचं.

आमच्या पडताळणी कक्षाचं काम सांगायला सोपं आहे. आमच्याकडची निम्मी तरणी माणसं समुद्रापलीकडच्या मोठ्या देशात कामाला आहेत. काही कागदपत्रं करून गेली, बरीचशी तशीच. तिकडच्या पोलिसांनी त्यातलं कुणी पकडलं की त्यांना त्याला परत पाठवायचं असतं. पण आपल्या सरकारने 'हा माणूस आमचा' असं लिहून दिल्याशिवाय त्याला विमानात बसवता येत नाही. मग पकडलेल्या माणसाचा फोटो, त्याच्या सामानातून मिळालेल्या नाव-पत्त्यासह, आमच्या कक्षात येतो. फोटोवाले तो घेऊन पत्त्यावर जातात आणि घरच्यांना विचारतात, हा तुमचा का? टाइप करायचं काम माझं.

त्यांची विचारायची रीत त्यांची स्वतःची होती. ते कधी एकच फोटो दाखवत नसत. जुन्या, बंद झालेल्या फायलींतले दोन परके चेहरे सोबत न्यायचे आणि तिन्ही फोटो ओळीने मांडायचे. घरच्यांना नाकारायचंच असायचं, हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत होतं. सहा महिन्यांत ओळख पटली नाही तर तिकडच्या कायद्याने माणसाला कोठडीतून सोडावं लागतं. त्यामुळे आया, बायका, बाप, सगळे कानावर हात ठेवायचे. फोटोवाले ऐकत नसत, बघत असत. एकदा बोलता बोलता मला म्हणाले होते, परक्या फोटोंकडे माणूस निवांत बघतो, आपल्या माणसाच्या फोटोवर नजर ठरत नाही. म्हणजे दार उघडल्यापासून पाच मिनिटांत त्यांना सगळं कळलेलं असायचं. तरी परत येऊन ते एकच ओळ लिहायचे: ओळख पटली नाही.

यात त्यांचा चांगुलपणा मुळीच नव्हता. वरच्यांनाच तसं हवं होतं. तिकडे एक माणूस टिकला की इकडे पाच माणसांचं घर चालतं. गावातली शाळेची फी, औषधं, घरावरचं छप्पर, सगळं तिकडच्या पैशावर. मंत्री मोठ्या देशाच्या पाहुण्यांशी हसून हात मिळवायचे, पूर्ण सहकार्य करू म्हणायचे, आणि आमच्याकडून शंभरातल्या नव्वद फायलींवर ती एक ओळ जायची. अशी वीस-पंचवीस वर्षं सुखात गेली.

मग तिकडे नवं सरकार आलं आणि त्यांनी न विचारताच माणसांनी भरलेलं एक विमान पाठवून दिलं. हातात बेड्या घातलेली माणसं. आपल्या सरकारने ते उतरू दिलं नाही. काय तो जल्लोष! मंत्र्यांनी छाती पुढे काढून सांगितलं की आमची माणसं म्हणजे तुमचा कचरा नव्हे. आम्ही कचेरीत टाळ्या वाजवल्या. फोटोवाल्यांनी पेन्सिलीला टोक काढलं आणि विचारलं की तिकडून येणाऱ्या मदतीच्या औषधांचा ट्रक कधी यायचा आहे. मी मनात म्हटलं, काय नतद्रष्ट माणूस आहे.

नवव्या दिवशी ट्रक यायचा होता, तो आला नाही. तिकडून मिळणारी मदत थांबली. क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात एका आठवड्यात संपली. त्यांच्या पैशातून बांधलेलं बाळंतिणींचं नवं रुग्णालय प्लास्टरपर्यंत येऊन उभं राहिलं. अधिकाऱ्यांच्या मुलांना शिकायला जायचे व्हिसा बंद झाले, आणि मला वाटतं खरा घाव तिथे बसला. तिकडून घरी पाठवायच्या पैशावर जबर कर बसवू, अशी धमकीही आली. आपल्या सरकारने दोन आठवड्यांत शेपूट घातली. पण लेखी काही नाही. आमच्या साहेबांना फक्त एक फोन आला: महिन्याभरात साठ माणसांची ओळख पटली पाहिजे, आणि पलीकडच्यांचा आता आपल्यावर विश्वास नाही, तेव्हा घरच्यांच्या सहीची जबानी सोबत जोडा.

फोटोवाले दुसऱ्या दिवसापासून तेच तीन फोटो घेऊन निघाले आणि संध्याकाळी परत येऊन उलटं लिहू लागले. हात तोच, शाई तीच. पहिल्या आठवड्यात सतरा, दुसऱ्यात चोवीस. एकाही घरातून निघताना त्यांचा चेहरा बदलला नाही, असं लोक सांगायचे. नाकारणाऱ्यांच्या पुढ्यात ते शांतपणे म्हणायचे, तुमची नजर मला कळते. मग घरातल्या बायका रडून सही द्यायच्या.

गावाने त्यांना वाळीत टाकायला फार दिवस लावले नाहीत. वाण्याने सुटे पैसे नाहीत म्हणून सामान परत ठेवून घेतलं. न्हावी म्हणाला, बसा बापडे, पण वस्तरा माझ्या हातात आहे एवढं ध्यानात ठेवा. फोटोवाले त्यावर म्हणाले, मग आज केसच कापा. सायकलची हवा रोज जायची. ते रोज पंप घेऊन येऊ लागले. पहिलं विमान उतरलं, औषधांचा ट्रक आला, रुग्णालयाचं प्लास्टर पुन्हा सुरू झालं, आणि साहेबांनी फोटोवाल्यांची पाठ थोपटली. त्या दिवशी मला खरोखर त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं.

आणि मग मावशींच्या मुलाचा फोटो आला.

मावशी म्हणजे आमच्या अंगणात पत्र्याखाली चहा करणाऱ्या बाई. वीस वर्षं कचेरीत होत्या. नवरा लवकर गेला, एकच मुलगा. तो तिकडे वेल्डर होता, एकतीस वर्षांचा. शाळेतून सुटला की आमच्याच पायऱ्यांवर बसून अभ्यास करायचा, आणि त्याला गणित कुणी शिकवलं म्हणाल तर फोटोवाल्यांनी, आणि तेही ओरडून. त्याला पकडून पाच महिने उलटून गेले होते. सहा महिने पुरे व्हायला एकोणीस दिवस उरले होते. एकोणीस दिवस कागद गेला नाही तर तो सुटणार होता. मावशींचं घर, त्यांच्या डोळ्यांची औषधं, म्हातारपण, सगळं त्या सुटण्यावर होतं. त्याहून जास्त म्हणजे, त्याला तिकडे राहायचं होतं आणि मावशींना तो राहायला हवा होता. इथे वेल्डरला काय काम आहे, त्या म्हणायच्या, फाटकं जोडत फिरेल जन्मभर.

फोटोवाल्यांनी तिन्ही फोटो चहाच्या टेबलावर मांडले. सगळी कचेरी खिडकीत. मावशी म्हणाल्या, यातलं कुणी माझं नाही. त्यांची नजर कुठे गेली हे आंधळ्यालाही दिसलं असतं. फोटोवाल्यांनी फोटो गोळा केले, चहा मागितला, प्यायले आणि वर येऊन फाईल खणात टाकली. मी विचारलं, काय लिहिणार? ते म्हणाले, वेळ आली की लिहीन.

माझा धीर सुटला. एक्केचाळीस लोकांची पोरं या माणसाने बिनदिक्कत देऊन टाकली होती. साठाचा आकडा गाठायला एकोणीस कमी होते. हा काय दया दाखवणार! मी त्यांना म्हटलं की नकाराची पक्की जबानी जोडा, पलीकडच्यांना साधा नकार चालत नाही आता. तेव्हा ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "एक ओळ पुरे. जास्त लिहिलं की लोक वाचतात." मला वाटलं, नकार मुद्दाम कच्चा ठेवायचा बेत आहे, म्हणजे मोडायला सोपा. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मी स्वतः जबानी लिहिली. मला मसुदे चांगले जमतात, तो माझा माज होता आणि आहे. मी मावशींच्या तोंडी लिहिलं की मला एकच मुलगा होता, तो आठव्या वर्षी तापाने गेला; हा कोण माणूस माझ्या मेलेल्या लेकराचं नाव चोरून वापरतो आहे, त्याला कडक शिक्षा व्हावी. मृत्यूचं कारण असलं की फाईल कायमची बंद होते, हे मी अकरा वर्षं टाइप करत आले होते. दुपारी चहाची गर्दी ओसरल्यावर मी खाली गेले आणि मावशींना ते वाचून दाखवलं. मावशींना सही येते, वाचायला जमत नाही.

त्या 'तापाने गेला'पाशी अडल्या.

"मेला कसं म्हणू गं मी? तोंडाने?"

"तोंडाने कुठे, मावशी, कागदावरच. कागदावर मेला की तिकडे जगतो."

हे वाक्य मला तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं होतं. मावशींनी पदराला हात पुसले आणि एकेक अक्षर दाबत सही केली. मी तो कागद फोटोवाल्यांना न दाखवता साहेबांच्या टपालाच्या पिशवीत घातला. साहेब काही वाचत नाहीत, नुसते शिक्के मारतात.

पुढे जे झालं ते आमच्याकडे एका पत्राने कळलं आणि बाकीचं मुलानेच नंतर सांगितलं. आईने नुसतं नाकारलं असतं तर त्याला काहीच वाटलं नसतं. नाकारायची रीत त्यालाही माहीत होती, कोठडीतले सगळे रोज त्या एका ओळीचीच वाट बघत बसलेले. पण तिकडच्या अधिकाऱ्याने त्याला समोर बसवून दुभाष्याकडून अख्खी जबानी वाचून दाखवली. मेलेल्या मुलाचं नाव चोरणं हा तिकडे मोठा गुन्हा. आता सुटका नव्हतीच, सात वर्षं तुरुंग होता. त्यातून सुटायचा एकच मार्ग, तो जिवंत आहे आणि तोच तो आहे हे सिद्ध करणं. मग त्याने स्वतःच सगळं सांगितलं. शाळेचं नाव, गुडघ्यावरची खूण, जुन्या ओळखपत्राचा नंबर, आमच्या कचेरीच्या पायऱ्या. ठसे जुळले. पाच महिने ज्याने तोंड उघडलं नव्हतं, त्याने दोन तासांत आपली ओळख आपणच पटवून दिली. एकोणिसातले सहा दिवस उरले होते.

पत्र आलं त्या दिवशी फोटोवाल्यांनी खण उघडून ती फाईल माझ्यापुढे टाकली. आत त्यांच्या अक्षरात पत्ता अपुरा, फेरतपासणी करावी, असं लिहिलेलं होतं आणि तारीख पुढच्या महिन्याची घातलेली होती. म्हणजे एकोणीस दिवस फाईल नुसती खणात पडून राहणार होती. मग ते टेबलाशी बसून पेन्सिलीला टोक काढू लागले. बोलले असते तर बरं झालं असतं.

पलीकडच्यांनी मात्र विषय धरून ठेवला. तुमच्या कचेरीतून खोटी जबानी आली, कोणी दिली ते सांगा, नाहीतर मदतीचा पुढचा भाग रोखू. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी आम्हा दोघांना आणि मावशींना खोलीत बोलावलं. गोष्ट उघड होती: जबानी मावशींची असेल तर खोटं बोलल्याबद्दल मावशींवर खटला, आणि कचेरीने रचली असेल तर रचणाऱ्यावर. मावशींचे हात पदरात होते. मी घसा साफ केला. तेवढ्यात फोटोवाले म्हणाले, "मी लिहिली. सहीसुद्धा मीच केली. या बाईंना त्यातलं काही माहीत नाही."

साहेबांना तेच हवं होतं. पंधरा मिनिटांत कागद तयार झाला, आणि तो टाइप मी केला.

बाहेर आल्यावर मी त्यांना जिन्यात गाठलं. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. म्हणाले, "तुमच्यासाठी केलेलं नाही, उगाच डोळ्यांत पाणी आणू नका. माझे नोकरीचे चार महिने उरलेत. आणि तो पोरगा येईल तेव्हा त्याला घरात जाता आलं पाहिजे."

त्यांना पडताळणीवरून काढून अंगणापलीकडच्या जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं. पेन्शनची चौकशी लागली. गावात ही बातमी पसरायला एक दिवससुद्धा लागला नाही: फोटोवाल्याने मावशीची खोटी सही करून तिच्याच मुलाला कागदावर मारलं. आता लोक उघड शिव्या देऊ लागले. सायकल एका सकाळी नालीत सापडली. मग ते चालत येऊ लागले.

मुलगा आठ दिवसांनी आला. विमानतळावरून घरी न जाता सरळ कचेरीच्या अंगणात. त्याच्या हातात जबानीची प्रत होती, घड्या पडून पडून चिरलेली. मावशी चुलीपाशी उठून उभ्या राहिल्या, पुढे आल्या नाहीत. सगळे टेबलं सोडून बाहेर आले. फोटोवालेही खोलीच्या दारात आले, आवाज कसला म्हणून.

मुलाने कागद आईपुढे धरला. "वाटेत लोक काहीही सांगत होते. मला तुझ्याकडून ऐकायचंय. ही सही तुझी का?"

मावशींनी कागदाकडे पाहिलं. त्यांना आपली दाबून काढलेली अक्षरं नक्कीच ओळखू आली. मग त्यांनी दाराकडे पाहिलं, फोटोवाल्यांकडे. ते कुठेतरी दुसरीकडेच बघत होते.

"नाही," मावशी म्हणाल्या. "माझी नाही."

मुलगा तिथल्या तिथे लहानासारखा रडला. रडून झाल्यावर अंगण ओलांडून गेला आणि त्याने फोटोवाल्यांच्या कानशिलात लगावली. चष्मा पायरीवर पडला. अंगणात कुणीतरी 'आणखी एक' असं ओरडलं. साहेबांनी आपलं दार लावून घेतलं. फोटोवाल्यांनी वाकून चष्मा उचलला, मोडलेली काडी खिशात घातली आणि आत जाऊन बसले.

मी बोलायला हवं होतं. मी गप्प राहिले तर मायलेक सुखात राहतील, असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. पण खरं कारण हेही होतं की मला माझी नोकरी हवी होती. हे लिहिताना मला त्या माणसाचा आणखीच राग येतो. तो ओरडला असता, मला नावं ठेवली असती, तर माझ्या डोक्यावरचं ओझं थोडं तरी उतरलं असतं.

मावशींनी त्यांना चहा देणं बंद केलं. देणार कशा, मुलगा समोर. त्याला काम मिळालं ते बाळंतिणींच्या नव्या रुग्णालयात, जिन्याचे कठडे जोडायचं. ज्या देशाने त्याला बेड्या घालून पाठवलं त्याच्याच मदतीतून त्याची रोजंदारी निघायची. रुग्णालय कचेरीपासून चार पावलांवर होतं. रोज चार वाजता तो आईकडे चहाला यायचा, पत्र्याखाली बसायचा, आणि जुन्या फायलींच्या खोलीकडे बघून आवाज चढवून बोलायचा. तिकडचा पैसा बंद झाला होता. मावशींच्या डोळ्यांची औषधं आता कधी यायची, कधी नाही. पण मुलगा रात्री घरी जेवायचा, आणि मावशी थोड्या जाडही झाल्या.

फोटोवाल्यांच्या शेवटच्या दिवशी निरोपसमारंभ नव्हता. कुणी वर्गणीच दिली नाही. किल्ल्या ताब्यात घ्यायला साहेबांनी मला पाठवलं. ते दोरीने फायली बांधत होते, तोंडाने गाठी ओढत. पावणेचारला मावशी आत आल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. हातात बशीने झाकलेला कप होता.

"भाऊ," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी कप पुढे केला.

फोटोवाल्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "चार वाजत आले. तो येईल. घेऊन जा."

मावशी हलल्या नाहीत. त्यांनी कपावरची बशी काढली.

"जा म्हणतो ना," ते खेकसले.

मावशी गेल्या. मी खिडकीपाशीच होते. मुलगा लवकर आलेला होता, पत्र्याखाली उभा राहून हातमोजे काढत होता. त्याने कपाकडे पाहिलं आणि हा कुणाला न्यायला काढला होतास म्हणून विचारलं. मावशी म्हणाल्या, कुणाला नाही, माझाच आहे. आणि तिथेच उभ्याउभ्या त्यांनी तो गरम चहा पिऊन टाकला.